कुंकू लावलेलं पुस्तक

पुस्तकांच्या दुकानातल्या माणसाने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पानाकडे पाहिलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं होती, मधोमध स्वस्तिक होतं आणि त्याच्याखाली माझ्या वळणदार अक्षरात 'श्री' लिहिलेलं होतं.

"काका," तो म्हणाला, "हे बदलून कसं देऊ?"

"का? परवाच नेलंय. पावती आहे माझ्याकडे."

"पावती आहे हो. पण कुंकू पण आहे."

"मग? शुभच असतं ते."

"तेच म्हणतो ना मी. कुंकू लावून घरात घेतलेलं असं परत पाठवतात का?"

मागे उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुली फिसकन हसल्या. मी पुस्तक काखेत मारलं, पावती खिशात ठेवली आणि 'बरं बघतो' असं काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरलो. काय बघणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

ह्यात माझं काय चुकलं, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं. आमच्या घरात नवं पुस्तक आलं की त्याला आधी कुंकू लागतं, मग खाकी कव्हर चढतं, मग नावाची चिठ्ठी चिकटते आणि त्यानंतर ते वाचायला मिळतं. वडील नाशिकजवळ मखमलाबादला भाजीपाला पिकवायचे. वाचता त्यांना बेताचंच यायचं. पण बियाण्याची पिशवी फोडायच्या आधी ते तिला कुंकू लावत, आणि आमच्या पुस्तकांनाही त्याच बोटाने लावत. दोन्हींतून पुढे काय उगवेल ते आपल्या हातात नाही, असं त्यांच्या मनात असावं. पुढे शेती मोठ्या भावाकडे गेली आणि कुंकू माझ्याकडे आलं. मुलगी बारावी होईपर्यंत दर जूनमध्ये एक अख्खा रविवार मी कव्हरं घालण्यात घालवायचो. आता ती पुण्याला वकिली शिकते आणि तिच्या पुस्तकांना हात लावू देत नाही. खाकी कागदाची गुंडाळी, कात्री आणि डिंकाची बाटली कपाटात पडून होती. बऱ्याच वर्षांनी घरात नवं पुस्तक आलं म्हटल्यावर मी जरा भरात आलो, एवढंच.

पुस्तक बायकोसाठी होतं. तिने ते मागितलेलं नव्हतं, हेही आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर ती सांगेलच.

ती गणित शिकवते. पंचवटीच्या बाजूला एका मराठी शाळेत बावीस वर्षं आठवी ते दहावीचे वर्ग तिच्याकडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतले संगणकाचे सर दुसरीकडे गेले. आठवीला यंदा प्रोग्रॅमिंग शिकवणार, असं शाळेने पालकांना आधीच सांगून ठेवलेलं. मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हिला बोलावून विचारलं, की तुम्ही घ्याल का? नसेल जमत तर शाळा समिती बाहेरची एक संस्था बघते आहे. पण ती संस्था प्रोग्रॅमिंगच्या जोडीला वर्गाचं गणितही घेते. तसं झालं तर आठवी तुमच्याकडून जाईल आणि तुम्हाला पाचवी द्यावी लागेल.

पाचवी वाईट असते असं नाही. पण आठवीत बीजगणित पोरांच्या अंगावर येतं. निम्मी पोरं तिथेच हातपाय गाळतात आणि 'मला गणित येत नाही' हे वाक्य जन्मभर बोलायला शिकतात. त्या वाक्याशी हिचं बावीस वर्षांचं भांडण आहे. जेवताना आमच्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा आठवीच्या पोरांचीच जास्त चौकशी होते. कोणाला आज कंस सोडवता आला, कोणी अजून वजाचं चिन्ह आत नेताना विसरतो. मला त्या पोरांची नावं पाठ असायची, आणि आपल्याच कचेरीतल्या साहेबांच्या मुलाचं नाव मात्र आठवायचं नाही.

"मला तीन आठवडे द्या," असं ती मोठ्या बाईंना सांगून आली. तिसऱ्या शनिवारी आठवीच्या वर्गावर, समितीच्या दोन सदस्यांसमोर, तिने प्रोग्रॅमिंगचा पाठ घ्यायचा आणि मग समितीने ठरवायचं.

घरी येऊन तिने चप्पल काढली, उभ्यानेच पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला पायथन शिकायचंय. प्रोग्रॅमिंगची भाषा आहे ती. तीन आठवड्यांत."

"पुस्तकाचं माझ्यावर सोड," मी म्हटलं.

"मी पुस्तकाचं काही बोललेच नाही."

पण तोवर मी चौकोनी रेघांचा कागद काढून बसलो होतो.

मी एका सरकारी कचेरीत भांडारपाल आहे. खुर्चीपासून टाचणीपर्यंत जे काही कचेरीत येतं, ते माझ्या नोंदीने येतं. तीन ठिकाणची पत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि उजवीकडच्या रकान्यात शेरा लिहायचा, हे मी सत्तावीस वर्षं करतो आहे. माणूस सत्तावीस वर्षं एकच काम करत राहिला की त्याला जगातली प्रत्येक वस्तू तक्त्यात मांडता येते असं वाटू लागतं. मी गावात जाऊन दुकानातल्या फळीवरची पायथनची पाच पुस्तकं काउंटरवर मांडली. रकाने पाडले : कागद, बांधणी, अक्षराचा आकार, चित्रं, कव्हरचा टिकाऊपणा. सगळ्यांत जास्त गुण मिळवणारं पुस्तक खरोखर सुबक होतं. गुळगुळीत कागद, शिवलेली बांधणी, चष्म्याशिवाय वाचता येईल असं अक्षर. आत काय लिहिलंय ह्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. खुर्ची घेताना तिच्या मनात काय आहे ते आपण विचारतो का?

रात्रीची जेवणं व्हायच्या आत कुंकू, कव्हर, चिठ्ठी सगळं झालं. चिठ्ठीवर मी तिचं नाव घातलं, शाळेचं घातलं, 'विषय : संगणक' असं घातलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. ती बघत होती. मला ते कौतुक वाटलं.

मग तिने मुलीचा जुना लॅपटॉप उघडला, पुस्तकातलं पहिलंच उदाहरण जसंच्या तसं लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांच्या तीन-चार ओळी आल्या. तिने सगळं पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोट ठेवून लिहिलं. तेच.

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. पडदा ओल्या फडक्याने पुसला. चार्जर दुसऱ्या भिंतीला लावून पाहिला. आमचा मिक्सर अशाने चालू होतो.

"मला एवढंही येत नाहीये," ती म्हणाली.

अगदी हळू म्हणाली, पण मी ऐकलं. ज्या वाक्याशी हिचं भांडण, ते वाक्य हिच्याच तोंडून आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या सुनेला पुस्तकाचा फोटो पाठवला. ती पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. दोन मिनिटांत तिचा फोन. "काका, हे फार जुनं पुस्तक आहे. ही भाषा मध्ये बदलली. ह्यातलं आताच्या मशीनवर चालायचं नाही. परत करून टाका."

परत करायला गेलो तेव्हाची हकीकत वर सांगितलीच आहे.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी त्या सुनेलाच फोन लावला. "मग कोणतं घेऊ?"

"कोणासाठी आहे, काका?"

आता 'आमच्या हिच्यासाठी, तिला काहीच येत नाही' असं परक्या पोरीला कसं सांगायचं? घराण्याची अब्रू असते. "हुशार माणूस आहे," मी म्हटलं. "गणितातलं."

"अच्छा! मग मी वापरते तेच घ्या. त्यात सगळं आहे."

त्यात सगळं होतं, हे खरं. उशीएवढं जाड पुस्तक. त्याला कव्हर घालताना खाकी कागद दोन ठिकाणी जोडावा लागला. बायकोने ते पेन्सिल घेऊन चार संध्याकाळी वाचलं. पहिल्या संध्याकाळी तीन पानं झाली. चौथ्या संध्याकाळी ती पुन्हा पहिल्याच पानावर होती.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"हा माणूस मला फार दिवसांपासून ओळखत असल्यासारखा बोलतोय. 'तुम्हाला हे ठाऊक असेलच, ते ठाऊक असेलच.' मला वाटतं तो दुसऱ्याच कोणाशी बोलतोय."

त्या पुस्तकाचा उपयोग झाला नाही असं मात्र नाही. ते लॅपटॉपखाली ठेवलं की पडदा बरोबर डोळ्यांसमोर येत असे.

"व्हिडिओ बघ की," मी सुचवलं. "सगळे आता मोबाइलवरच शिकतात."

"दोन बघितले. तो माणूस थांबत नाही हो. आणि माझी पेन्सिलने खूण करायची सवय. काचेवर कशी करू?"

एव्हाना तीन आठवड्यांतला एक आठवडा माझ्या निवडीत गेला होता. तिने रागावायला हवं होतं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्या शनिवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "पाचवीची मुलं तशी गोड असतात." मेथीची जुडी पुढ्यात होती आणि ती पानं टाकून काड्या ठेवत होती. मी काड्यांतून पानं वेचली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही दादाकडे गेलो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याने आता निम्म्या शेतात रोपवाटिका केली आहे. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगा आणि ट्रेच्या खळग्या-खळग्यांत बोटभर रोपं. एक आड एक रविवारी आम्ही तिथे जातो, वहिनींच्या हातची भाकरी खातो आणि पिशवीभर भाजी घेऊन येतो. आम्ही पोचलो तेव्हा चांदवडकडचा एक शेतकरी टोमॅटोची रोपं न्यायला आला होता. तो बरोबर उंच, हिरवीगार, लुसलुशीत रोपं असलेल्या ट्रेवर बोट ठेवत होता आणि दादा त्याला ते ट्रे देत नव्हता.

"पाव्हणं, उंच बघू नका," दादा म्हणत होता. "हे कडेला सावलीत वाढलेलं हाय. दिसायला लय भारी, शेतात लावलं का मान टाकतं. हे बुटकं घ्या. दांडा बघा, केवढा जाड."

"पण हे बारकं दिसतंय ना, दादा."

"दिसू द्या. तुम्हाला फोटो काढायचाय का टोमॅटो?" असं म्हणून दादाने बुटक्या ट्रेतलं एक रोप दोन बोटांत धरून अलगद वर उपसलं. खळग्याच्या आकाराचा मातीचा गोळा सगळा पांढऱ्या मुळांनी विणलेला होता. मग त्याने उंच ट्रेतलं एक उपसलं. माती खाली गळून पडली आणि हातात चार धागे उरले. "वरून काय कळत नाय," तो म्हणाला. "उपसून बघायचं."

पाहुणा गेल्यावर दादाने हिची चौकशी केली. "काय मास्तरीणबाई, झाला का तुमचा तो अभ्यास? ह्यानं पुस्तकं आणली म्हणे दोन."

"आणली," ती म्हणाली. "उंच आहेत."

दादा असा हसला की वहिनी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. मी भाजीची पिशवी उगाचच झटकली.

परतताना स्कूटर पंचवटीच्या पुलावर आल्यावर ती मागून म्हणाली, "स्कूटर गावातून घ्या. पुस्तकांचं दुकान उघडं असेल."

दुकानातल्या माणसाने मला ओळखलं. "या काका! करंडा आणलाय का बरोबर?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून छताचा पंखा बघत उभा राहिलो. ही फळीपाशी गेली.

बाजारात ती वांगी कशी घेते ते मी पाहिलंय, पुस्तक घेताना कधी पाहिलं नव्हतं. पहिलं पान तिने कुठल्याच पुस्तकाचं वाचलं नाही. पहिलं पान सगळ्यांचंच गोड असतं, म्हणाली. मधलं कुठलं तरी पान उघडायची, दोन पानं उभ्याने वाचायची, मग धड्याच्या शेवटच्या प्रश्नांवर जायची आणि ओठांतल्या ओठांत उत्तर पुटपुटायची. एका पुस्तकाचे प्रश्न बघून तिने मान हलवली. "ह्यात वर जे सांगितलंय तेच खाली विचारलंय. हे प्रश्न नाहीत, हजेरी आहे." दुसरं तिने बराच वेळ चाळलं आणि तेही ठेवलं. असा पाऊण तास गेला. दुकानदाराने मला स्टूल दिलं. तिला द्यायची त्याची हिंमत झाली नसावी.

शेवटी तिने एक बारकं पुस्तक काढलं आणि एक पान माझ्यासमोर धरलं. त्यावर आमच्या लॅपटॉपवर आली होती तशीच अक्षरं छापली होती.

"हे बघा. ह्या बाईने आधी स्वतः चूक करून दाखवलीय. मग काय दिसतं ते दाखवलंय, मग ती चूक कशी सापडली ते. बाकीच्या पुस्तकांत लेखकाचं सगळं पहिल्या फटक्यात बरोबर येतं."

"मग ते चांगलंच ना?"

"वर्गात ज्या मुलाचं सगळं पहिल्या फटक्यात बरोबर येतं, त्याची वही मी शेजारच्याच्या वहीशी ताडून बघते."

मी पुस्तक हातात घेतलं. कागद भुरा, बांधणी डिंकाची, अक्षर बारीक. माझ्या तक्त्यात त्याचा शेवटचा नंबर आला असता. खरं तर आलाच होता, ते त्या पाचांतलंच एक होतं. "बांधणी जरा..." असं मी सुरू केलं. तिने नुसतं बघितलं. वाक्य तिथेच संपलं.

पुढचे अकरा-बारा दिवस आमच्या घरात संध्याकाळी टीव्ही लागला नाही. ती लिहायची, लाल अक्षरं यायची, आणि ती चक्क खूश व्हायची. "शेवटची ओळ आधी वाचायची," मला सांगायची. "बाकीचं सगळं ते कुठून कुठून आलं त्याचं रडगाणं असतं. दुखतंय कुठे ते शेवटच्या ओळीत." कधी कधी ती चांगल्या चाललेल्या प्रोग्रॅममधलं एखादं चिन्ह मुद्दाम काढून टाकायची आणि यंत्र काय तक्रार करतं ते बघायची. 'मला येत नाही' हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. पाठाच्या टाचणात तिने लिहून ठेवलं, 'पान ३८ वरील उदाहरण : एका विद्यार्थिनीने वाचावे, दुसरीने लिहावे.' ही तिची जुनी पद्धत. वर्गाच्या हाताने करून घ्यायचं, स्वतः खडूला हात कमी लावायचा.

मी काय केलं? मी कव्हर घातलं. ते पुस्तक उंची-रुंदीला बरोबर त्या पहिल्या कुंकवाच्या पुस्तकाएवढंच निघालं. त्याच गुंडाळीचा कागद, त्याच मापाची घडी. चिठ्ठीवर तिचं नाव, शाळा, 'विषय : संगणक', दुहेरी रेघ. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर जुळी भावंडं. मला त्यात कलाकुसर दिसली.

पाठाचा शनिवार. कडाक्याची थंडी होती. ती सव्वासहाच्या सिटीबसने गेली. डबा तिने घेतला नाही. पोहेही दोनच घास खाल्ले. माझ्या कचेरीला सुट्टी. मी चहाचा दुसरा कप घेऊन टेबलाशी बसलो आणि समोर पडलेलं खाकी कव्हरचं पुस्तक आवरून ठेवावं म्हणून उचललं. सहज उघडलं.

पानोपानी पेन्सिलीच्या खुणा.

मी कप खाली ठेवला. पेन्सिलीच्या खुणा तिच्या पुस्तकात होत्या. म्हणजे तिचं पुस्तक माझ्या हातात होतं. म्हणजे तिच्या पर्समध्ये... मी कपाट उघडून पाहिलं. पहिलं पुस्तक, गुळगुळीत कागदाचं, शिवलेल्या बांधणीचं, आताच्या मशीनवर न चालणारं, जागेवर नव्हतं; पहाटेच्या घाईत तिने तेच उचललं होतं.

फोन लावला. बंद. शाळेच्या फाटकातून आत जाताना ती फोन बंद करते, बावीस वर्षं करते.

आमच्या नाशिक रोडच्या घराहून पंचवटीला जायचं तर द्वारका चौक चुकत नाही, आणि द्वारकेला त्या सकाळी एक लांबलचक ट्रेलर वळता वळता आडवा झाला होता. त्याच्या चारी बाजूंना रिक्षा, टेम्पो, बस आणि मधोमध मी. पुस्तक स्वेटरच्या आत पोटाशी. पुढचा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काका, हॉर्न वाजवून तो ट्रेलर उडून जानार हाय का?" मी हॉर्न सोडला. माझ्या कचेरीत कुठलीही फाइल अशी गोंधळत नाही. प्रत्येक फाइलच्या पाठीवर तिचं नाव असतं, मीच ते सक्तीचं केलंय. आणि घरी मी दोन्ही पुस्तकांवर 'विषय : संगणक' लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती.

शाळेत पोचलो तेव्हा पाठ सुरू झाला होता. शिपाईमामांनी मला ओळखलं. "काय साहेब, बाईंचा डबा राहिला का?"

"पुस्तक राहिलं. आत नेऊन देता?"

"समिती बसलीय आत. आता नाय जाता येणार. इथं खिडकीपाशी उभे ऱ्हा, थंडी हाय तर उन्हात."

मी खिडकीशी उभा राहिलो. आत समोरच्या भिंतीवर पडदा, एक मुलगी कॉम्प्युटरशी बसलेली, दुसरी हातात खाकी कव्हरचं पुस्तक धरून मोठ्याने वाचत होती. मागच्या बाकावर मोठ्या बाई आणि समितीचे दोन गृहस्थ, एक तरुण, एक पांढऱ्या मिशांचे. बायको टेबलाजवळ उभी होती. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. वाचणाऱ्या मुलीने दुसरी ओळ वाचली तेव्हा त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हे आपलं पान ३८ नाही, हे तिला कळलं होतं.

मुलीने लिहून संपवलं. बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं.

त्या मुलीने हात मांडीवर ओढून घेतले. "बाई, माझं चुकलं," ती म्हणाली. "मला येत नाही हे."

मी खिडकीबाहेर पुस्तक छातीशी घट्ट धरून उभा होतो, जणू तेवढ्याने आत काही फरक पडणार होता.

बायको पडद्याजवळ गेली. "तू जे पुस्तकात आहे तेच लिहिलंयस," ती त्या मुलीला म्हणाली. "घाबरायचं नाही. हे रागावलेलं नाही, ते आपल्याला सांगतंय. सगळं वाचू नका. शेवटची ओळ कोण वाचेल?"

खिडकीजवळच्या मुलीने अडखळत इंग्रजी ओळ वाचली.

"आता मराठीत सांग."

"काहीतरी नाही, असं म्हणतंय... बाई! कंस! कंस नाही म्हणतंय!"

आणि अख्खी आठवी एकदम ओरडली, "कंस राहिला!" कारण हे दोन शब्द त्या वर्गाने तिच्या तोंडून रोज ऐकलेले. कंस राहिला, कंस कुठे गेला, कंस काय घरी ठेवून आलास का. टंकणाऱ्या मुलीने कंस घातला, मिटवायचा विसरली, तेव्हा मागची दोन पोरं उभं राहून ओरडली, "मिटव, मिटव!" तिने मिटवला. बटण दाबलं. पडद्यावर साधं सरळ उत्तर आलं. टाळ्या कोणी सुरू केल्या कळलं नाही. ती मुलगी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती कंस काढून पुन्हा लाल अक्षरं येतात का, ते बघत होती.

तास संपल्यावर पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, ही चूक तुम्ही मुद्दाम ठेवली होती ना? फार छान योजना."

मी खिडकीच्या आणखी जवळ सरकलो. 'हो' म्हण, मनात म्हटलं. एका शब्दाचं काम आहे.

"नाही सर," ती म्हणाली. "मी घरून चुकीचं पुस्तक घेऊन आले. हे जुन्या आवृत्तीचं आहे. मला वाचायला लागल्यावर कळलं."

"मग तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरले. पण शेवटची ओळ वाचली."

ते मिशांत हसले आणि मोठ्या बाईंकडे बघून मान हलवली. पुस्तकाला जुळं कव्हर कोणी घातलं हे तिने सांगितलं नाही. 'मी घेऊन आले' म्हणाली. मी खिडकीपासून बाजूला झालो आणि फाटकाजवळ स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो.

शाळा सुटल्यावर ती आली. मला पाहून थबकली, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"कधी आलात?"

"कंसाच्या आधी."

तिला हसू आलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं असावं, कारण ते बराच वेळ थांबेना. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली बाईंना असं हसताना बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मग तिने रुमालाने डोळे पुसले.

"आठवी माझ्याकडेच राहिली," ती म्हणाली. "आणि जूनपासून नववीलाही प्रोग्रॅमिंग घ्या म्हणाले."

"वा! मग नववीसाठी पुस्तक..." माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

ती मागे बसली, पर्स मांडीवर घेतली, ओढणी कानांवरून गुंडाळली.

"पुस्तक मी बघून आणीन," ती म्हणाली. "तुम्ही आपलं कुंकू लावा. आणि चिठ्ठीवर ह्या वेळी पुस्तकाचं नाव लिहा."